आबा कोन्या गावाले गेले?

सोयाबीन कापून-सोंगून झालं होतं, वावरात कापलेल्या पिकाच्या ढिगाची सुडी लागली होती, मळणीयंत्रवाला आज येतो उद्या येतो करत होता. अन् रेणुकाच्या घरात सकाळी सकाळी भांडण पेटलं होतं ते नऊ वर्षांच्या आमूच्या पायांत चपला जाईनात म्हणून.

आमू दाराच्या चौकटीत उभी होती. पाठीवर दप्तर, दोन वेण्या घट्ट घातलेल्या, अन् एक हात पुढं केलेला. तो हात रिकामाच होता. त्या हातात रोज या वेळेला आबांच्या दुपट्ट्याचं टोक असायचं. पुंजाजी आबा पुढं, त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक धरून नात मागं, अशी जोडी शाळेकडं निघाली की बाया म्हणायच्या, निंघाली आगगाडी! आमूला हात धरलेला खपत नसे. कुणाचं बोट जरी लागलं तरी ती निखारा लागल्यासारखी झटकायची. म्हणून म्हाताऱ्यानं दुपट्ट्याची ही तोड काढली होती.

आता दुपट्टा खुंटीवर होता, अन् म्हातारा नव्हता.

"आबा," आमू म्हणाली.

"चाल माय, मी येते तुह्यासंगं," रेणुका म्हणाली. "चपला घाल. बाबा कवाचे वावरात गेले, मले सुडीवर जायचं हाये."

"आबा. शाळा. आबा."

आमू एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलू लागली. वीज चमकली की मागून गडगडाट यायचाच, तसं या डुलण्यामागून काय येतं ते रेणुकाला ठाऊक होतं. तेवढ्यात तिची सासू भिमाबाई चुलीपासून उठून पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"काऊन रडवून राह्यली व लेकराले?" ती सुनेवर खेकसली, अन् नातीपुढं वाकली. "आबा गावाले गेले व माय. उद्या येतीन. मंग नेतीन तुले शाळेत."

डुलणं थांबलं.

"कोन्या गावाले?"

भिमाबाई गांगरली. हा सवाल आजवर आमूनं कधी केला नव्हता. म्हातारा बाजाराला जायचा ते गाव तिच्या तोंडातून आपसूक निघून गेलं. "वडनेरले."

"वडनेर भोलजी," आमू म्हणाली.

"हाव. वडनेर भोलजी."

आमूनं मुकाट चपला घातल्या अन् आईच्या चार हात पुढं चालू लागली. रेणुका तिला शाळेच्या फाटकात सोडून आली ती तणतणतच. भिमाबाई भाकरी थापत होती. तिच्या तोंडावर जिंकल्याची कळा होती.

"पाह्यलं? असं बोला लागते लेकराशी. तू आपली चोवीस घंटे भाला घेऊन उभी."

"अन् उद्या काय सांगसान, आत्याबाई?"

"उद्याचं उद्या."

"आबाले जाऊन महिना होत आला. रोज उद्या, रोज उद्या. कोंबडं डालीखाली झाकलं म्हनून दिस उगाचा राह्यते का?"

"मंग काय सांगू तिले? तुहा आबा..." भिमाबाईची जीभ तिथंच अडली. पुढचा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, ना शेजारणीपुढं, ना पोरापुढं. तिनं परातीतल्या पिठावर मूठ आपटली. "लेकराच्या डोळ्यांतलं पानी चुकवासाठी बोललं तं थे खोटं नसते. कालची पोट्टी तू, तुले काय समजते?"

"आबांच्या जलदानाच्या दिवशी भन्तेजींनी सांगतलं, जलमलं थे मरते. सारा गाव मुंड्या हालवून राह्यला होता, तुमी बी. अन् घरातल्या एका लेकराले सांगाची हिंमत कोनात नाई."

"उचलली जीभ लावली टाळ्याले! जाय तुह्या सुडीवर."

रेणुका विळा अन् पाण्याची कॅन घेऊन निघाली. पण वाटेत तिला आपलाच राग आला. सासूला बोलणं सोपं होतं. हिंमत तिच्यात तरी कुठं होती? या महिन्यात दोन-तीनदा तिनं आमूला समोर बसवलं होतं. दर वेळी तो शब्द काळ्या मातीत चाक रुतावं तसा रुतायचा. मग ती म्हणायची, जा, बकऱ्याले चारा टाक.

चार वर्षांची होईपर्यंत आमू बोललीच नव्हती. कुणी मुकी म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी म्हणालं, लाडानं हट्टी झाली. मग गावच्या शाळेत नांदुऱ्याहून शैलजा मॅडम येऊ लागल्या. अशा लेकरांसाठी त्या शाळा-शाळा फिरायच्या. त्यांनी आमूला मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यायला लावलं, अन् तिथं सांगितलं, लेकरू स्वमग्न आहे. वेडं नाही, हट्टी नाही. "तिला रोजचा दिवस ओळखीचा लागतो," मॅडम म्हणाल्या होत्या. "काही बदलणार असेल तर आधी सांगा. आडून बोलू नका, ती शब्द जसाच्या तसा धरते. जे होणार आहे तेच सांगा."

ते सगळ्यात आधी पुंजाजी आबांच्या डोक्यात बसलं. "बैल बी नव्या वाटेनं बुजतेच ना बे," ते पोराला, धम्मरत्नाला म्हणाले होते. "कासरा एकदम नाई ओढत आपन. आंधी आवाज देतो." तेव्हापासून ते आमूला आदल्या संध्याकाळीच सारं सांगायचे. उद्या शाळा. उद्या बाजार. उद्या पानी आलं तं बकऱ्या घरीच. अन् आमूचे दिवस सरळ जायचे.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. जीप बोलावली. धम्मरत्न अन् शेजारचे गुलाबराव त्यांना धरून बसवत होते. घामानं भिजलेल्या म्हाताऱ्यानं दारात उभ्या नातीकडं पाहिलं अन् म्हणाले, "येतो बरं, आमू."

निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. ते सगळ्या गावाला कळलं. आमूला कळलं ते एवढंच, की आबा येतात.

वाटेतच त्यांचा जीव गेला. देह घरी आणला तेव्हा शेजारच्या सरस्वतीबाईनं आमूला आपल्या घरात नेऊन टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवला. रडारड तिच्या कानावर जाऊ नये म्हणून. ती बाई मनानं सोन्यासारखी. पण आमूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आबा झोपले व बाई." झालं! त्या दिवसापासून बाप डोळे मिटून आडवा झाला की आमू त्याच्या पापण्या बोटांनी उघडायची. पुढं कुण्या पाव्हणीनं सांगितलं, आबा चांदनी झाले, तर आमू दिवसाउजेडी अंगणात मान वर करून बसायची, चांदणी उतरायची वाट पाहत. एकाचं बोलणं दुसऱ्याला मिळत नव्हतं, अन् आमू तर सगळंच खरं धरत होती.

"माय म्हन्ते तसं राहू दे," धम्मरत्न म्हणायचा. "चार दिसांत भुलून जाईन थे."

भुलत नव्हती. तिचं जेवण तुटलं होतं. मनगटाला दातांचे वण पडले होते.

त्या दिवशी ऊन असं कडक पडलं होतं, की सोयाबीनच्या शेंगा हात लावताच तडकत होत्या. अन् दुपार कलली तशी मावळतीकडून ढगांची एक काळी वळकटी वर सरकली. पुऱ्या शिवारात एकच धांदल उडाली. जो तो आपापल्या सुडीकडं पळू लागला. धम्मरत्न ताडपत्रीचं एक टोक धरून सुडीवर चढला होता, दुसरं रेणुकाच्या हातात होतं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेचे गुरुजी होते.

"आमू वावरात आली का हो? खिचडीच्या सुट्टीत होती. नंतर दिसली नाही. घरी तुमच्या सासूबाईंकडेही नाही."

रेणुकाच्या हातून ताडपत्रीचं टोक सुटलं. वाऱ्यानं ती फडफडली.

"काय झालं व?" धम्मरत्न वरून ओरडला.

"आमू नाई शाळेत."

तो तसाच उभा राहिला. वर ढग, पायाखाली वर्षाचं पीक. क्षणभर त्यानं ताडपत्रीकडं पाहिलं, अन् मग खाली उडी मारली. सुडी उघडीच राहिली.

गावात आले तर माणसं विहिरींत डोकावत होती. गुलाबराव दोर अन् गळ घेऊन शाळेमागच्या विहिरीकडं निघाले होते. पोरगी हरवली की गाव आधी विहिरीच पाहतं. भिमाबाई कडुलिंबाखाली छाती पिटत होती. "कोनाची नजर लागली व माह्या लेकराले! सकाळी चांगली हासत गेली."

सकाळी. रेणुकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"इहिरी नोका पाहू," ती नवऱ्याला म्हणाली. "गाडी काढा. वडनेरले चला."

"वडनेरले? तठी कायले जाईन थे? हायवे ओलांडा लागते..."

"आबाले आनाले गेली थे! आत्याबाईनं सांगतलं तिले, आबा वडनेरले गेले म्हनून. चला, उभे काय राह्यले!"

भिमाबाईचे हात छातीपाशीच थांबले. ती सुनेकडं पाहत राहिली.

निम्म्या वाटेत पावसानं गाठलं. परतीचा पाऊस, पण असा आडवा की मोटारसायकलीचा दिवा लावूनही पुढचं दिसेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या सुड्या ताडपत्र्या पांघरून बसल्या होत्या. हायवेला लागले तेव्हा मालवाहू गाड्या पाण्याचे फवारे उडवत सुसाट जात होत्या. रेणुकानं नवऱ्याच्या पाठीत तोंड खुपसलं. रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. एकदा गाडी हळू झाली अन् तिनं मान वर करून पाहिलं. वाऱ्यानं उडालेलं खताचं पोतं होतं.

वडनेरला त्या दिवशी बाजार नव्हता. बाजाराच्या मोकळ्या जागेत भाजीवाल्यांचे ओटे धुऊन निघत होते. कोपऱ्यातल्या चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना पाहताच हात वर केला.

"तुमची होय का पोरगी? कवाची बसली तठी. आत ये म्हटलं तं किंचाळते. जवळ गेलो तं सोताच्याच हाताले चावते."

आबा बाजारच्या दिवशी ज्या ओट्यावर टेकून बिडी ओढायचे, त्या ओट्यावर आमू बसली होती. दोन्ही हात कानांवर. वेण्यांतून पाणी गळत होतं. एक चप्पल पायात नव्हती. धम्मरत्न तिला उचलायला धावला, तसं रेणुकानं त्याचा सदरा धरून मागं ओढलं.

"हात नोका लावू. थांबा."

ती जाऊन ओट्यावर बसली, लेकीपासून हातभर अंतर ठेवून. पाऊस दोघींच्याही डोक्यावर कोसळत होता. मग आमूनं कानांवरचा एक हात काढला.

"वडनेर," ती म्हणाली. "आबा नाई. आजी म्हने वडनेर."

"आजीनं चुकीचं सांगतलं. आबा वडनेरात नाईत."

"कोन्या गावाले?"

आता हा सवाल रेणुकापुढं आला होता. तिला वाटलं, आपणही एखाद्या गावाचं नाव घ्यावं. लेकीला घरी न्यावं, कोरडं करावं, उद्याचं उद्या पाहावं. पण उद्या ही पोर त्या दुसऱ्या गावाच्या वाटेला लागली तर?

"कोन्याच गावाले नाई," ती म्हणाली. "आमू, आबा मेले."

"रेणुका!" धम्मरत्न ओरडला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "उनाळ्यात आपल्या बकरीचं पिल्लू मेलं होतं. आठोते? थे हाललं नाई. दूध पेलं नाई. श्वास बंद झाला होता त्याचा. तसाच आबांचा श्वास बंद झाला. आबा मेले."

"आबा झोपले."

"नाई. झोपलेला मानूस सकाळी उठते. बाबा झोपते अन् सकाळी उठते. आबा झोपले नाईत. मेले. मेलेला मानूस उठत नाई."

"चांदनी."

"चांदनी बी नाई. थे खोटं हाये."

आमू पुढं-मागं झुलू लागली. शब्द तिच्या आत कुठंतरी जागा शोधत होते. "आबा येतो म्हने."

रेणुकाच्या डोळ्यांतलं पाणी पावसात मिसळलं. "हाव. म्हने. आबाले याचंच होतं, आमू. आबा खोटं नाई बोलले. पन वाटेत मेले. मेल्यावर येता येत नाई."

"उद्या?"

"उद्या बी नाई येत."

"परवा."

"परवा बी नाई. कवाच नाई येत."

धम्मरत्न चिखलात खाली बसला होता. डोक्याला हात लावून. बापाच्या चितेला अग्नी देताना तो रडला नव्हता. कामं लय होती, माणसं लय होती. आता त्याचे खांदे हलत होते.

"शाळा कोन?" आमूनं विचारलं.

"उद्या शाळेत मी नेईन. आबांच्या दुपट्ट्याचं टोक तुह्या हातात देईन."

"बकऱ्या कोन चारते?"

शाळा सुटली की आबा अन् आमू बकऱ्या घेऊन नदीच्या अंगाला जायचे. महिनाभर बकऱ्या दावणीलाच होत्या. सासू म्हणत होती, विकून टाका. "थे मले ठावूक नाई," रेणुका म्हणाली. "घरी जाऊन ठरवू. ठरलं का तुले सांगन."

त्यावर आमू किंचाळली. टपरीवाल्याच्या हातातला पेला सांडला. असं किंचाळणं रेणुकानं आजवर ऐकलं नव्हतं. ती किंचाळत राहिली, ओट्यावर टाचा आपटत राहिली, अन् रेणुका हातभर अंतरावर बसून म्हणत राहिली, "हाव, माय. हाव. आबा मेले. मी अठीच हाये." पाऊस ओसरला तरी ते थांबलं नव्हतं. दिवस मावळायला आला तेव्हा आमूचा आवाजच बसला. मग ती आपण होऊन उठली अन् गाडीवर जाऊन बसली.

घरी आल्यावर भिमाबाईनं नातीला पाहून एक सुस्कारा सोडला. मग धम्मरत्नानं घडलं ते सांगितलं, तशी ती सुनेवर फिरली. "सांगतलंस? भर पावसात, रस्त्यावर? कसाईन हायस तू!"

"हाव, हाये," रेणुका म्हणाली. अंगातली सारी ताकद संपली होती. "पन पोरगी घरात हाये."

सुडी गेली. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा वरच्या थराच्या शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आले होते. धम्मरत्नानं ती सुडी उलटीपालटी केली, ओली शेंग वेगळी काढली, पण बायकोला एक शब्दही बोलला नाही. बकऱ्यांचं त्यानंच ठरवलं. विकायच्या नाहीत, संध्याकाळी तो नेणार. ते त्यानं आमूला स्वतः सांगितलं. आमूनं ऐकलं अन् दाव्याची गाठ सोडायला गेली.

म्हणजे सारं सरळ झालं असं नाही. एका सकाळी आमू दुपट्ट्याचं टोक हातात घेऊन दारात उभी, अन् मळणीयंत्र न सांगता वावरात येऊन ठेपलं. रेणुकाला पळावं लागलं. "आज बाबा नेतीन," एवढं म्हणून ती गेली. आमूनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, कपाळाला टेंगूळ आलं.

"हे पाह्य तुही सरळ बोली," भिमाबाई म्हणाली. त्यात टोमणा होता, पण त्याहून जास्त भीती होती.

रेणुकालाही क्षणभर वाटलं, आपलं चुकतंय. मग शैलजा मॅडम शाळेत आल्या तेव्हा तिनं त्यांना गाठलं. "ठरलेलंच मोडते कवा कवा, मॅडम. मंग काय सांगाव?"

"मोडू शकतं, हेही आधीच सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "असं झालं तर हे, तसं झालं तर ते. दोन्ही तिला आदल्या दिवशी कळू द्या."

तेव्हापासून संध्याकाळी चुलीपाशी रेणुका सांगायची, उद्या मी नेईन. मले वावरातून बलावनं आलं तं बाबा नेतीन. आमू ते दोनदा वदवून घ्यायची. कधी चालायचं, कधी नाही. पण मनगटावरचे वण वाळू लागले. अर्धी भाकर पोटात जाऊ लागली.

घरात एक माणूस मात्र होतं तिथंच होतं. भिमाबाई पहाटे उठायची, तांब्या घासायची, पाण्यानं भरायची अन् दारापुढच्या सपरीत म्हाताऱ्याच्या बाजेखाली ठेवायची. संध्याकाळी ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला ओतायची. बाजेवर कुणाला बसू द्यायची नाही. पाव्हणं आलं अन् म्हाताऱ्याची गोष्ट निघाली, की ती काही तरी काम काढून आत जायची. घरातलं कुणी तिला काही म्हणत नव्हतं. काय म्हणणार?

हरभरा पेरून झाला त्या आठवड्यातली संध्याकाळ. रेणुका भाकरी टाकत होती. भिमाबाई बाजेखालून तांब्या उचलायला वाकली, तशी आमू तिच्याजवळ आली. हातभर अंतरावर बसली.

"पानी कोनाले?" तिनं विचारलं.

"आबाले व," भिमाबाई बोलून गेली.

"आबा मेले," आमू म्हणाली. आवाज चढलेला नाही, उतरलेला नाही. आज मंगळवार हाये, असं सांगावं तसा. "श्वास बंद. पानी पेत नाई. कवाच येत नाई."

रेणुकाच्या हातातली भाकर तव्यावर जायची राहिली. आता म्हातारी फटका मारते, की छाती पिटून घेते? पण सपरीत काहीच वाजलं नाही. भिमाबाई तांब्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

"हाव व माय," ती म्हणाली. "मेले."

अन् मग ती रडली. जलदानाला रडली तशी मोठ्यानं नाही, चारचौघींच्या गळ्यात पडून नाही. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिचं लुगडं भिजत होतं, अन् ती रडत होती. आमू पाहत राहिली. तिनं ना हात लावला, ना ती उठून गेली. आजीचं रडणं संपलं तसं तिनं विचारलं, "आजी कवा मरते?"

चुलीपाशी रेणुकानं डोळे मिटून घेतले. सासूला ती ओळखून होती. आता ती म्हणणार, मी कायले मरते व, मी तुह्या लग्नात नाचीन, तुहे लेकरं खेळवीन. अन् आमू ते सारं जसंच्या तसं धरणार.

भिमाबाईनं तोंड उघडलं. मिटलं. पदरानं नाक पुसलं.

"ठावूक नाई," ती म्हणाली.

"उद्या?"

"उद्या मरन असं वाटत नाई. पन पक्कं ठावूक नाई. कोनालेच ठावूक नसते, माय."

"ठावूक नाई," आमू म्हणाली. "ठावूक नाई. ठावूक नाई." ती झुलू लागली. रेणुका उठणार, तेवढ्यात भिमाबाईनं हातानंच तिला थांब म्हणून खुणावलं.

"थे ठावूक नाई. पन उद्या शाळेत तुले कोन नेते, थे ठावूक हाये."

"मम्मी."

"नाई. उद्या मम्मी नाई. उद्या मी नेईन. माहा पदर धरजो. मी हळू चालन, गुडघा दुखते माहा. वाटेत दोनदा बसन. अन् मले लयच दुखलं तं बाबा नेतीन."

आमूनं विचार केला. "दोनदा."

"हाव. दोनदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका वावरात निघाली, ती त्या दोघींच्या मागं थोडं अंतर ठेवून. धुक्याची दाट धुई पडली होती. पुढं भिमाबाई, तिच्या पदराचं टोक धरून आमू. म्हातारी हापशीच्या ओट्यावर बसली. पुढं विहाराच्या पायरीवर बसली. शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत तिचा पाय वाकत नव्हता. अजून घंटा व्हायची होती. फाटकाला लागूनच चांगला रुंद सिमेंटचा बाक होता. रेणुका जवळ गेली.

"बसा ना, आत्याबाई. दम लागला तुमाले."

भिमाबाईनं बाकाकडं पाहिलं. मग पदराचं टोक धरून उभ्या नातीकडं पाहिलं.

"नाई व," ती दात दाबून म्हणाली. "दोनदाच म्हटलं होतं."

अन् घंटा होईपर्यंत ती फाटकाच्या खांबाला धरून एका पायावर तशीच उभी राहिली.